आपल्यातला

तो गायला नाही. पहिल्या सुरावर तीन नंबरच्या काउंटरवरचा कारकून उभा राहिला, दुसऱ्यावर गुलाबी स्वेटरवाली, मग खांबाजवळचे दोघे, मग ती स्वतः. आता खालच्या पट्टीतले आवाज एकदम उसळून येतात त्या जागी शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं उठायला हवं होतं. तिनं त्याच्यासाठी अर्धं पाऊल बाजूला घेतलं, इतकंच काय, मान वळवून त्याला ‘चला’ अशी खूणही केली. तो बसून राहिला. मांडीवरचं खोकं दोन्ही हातांनी धरून तो खालून वर तिच्याकडे बघत होता, आणि त्याचं तोंड किंचित उघडं होतं, पण गाण्यासाठी नव्हे. खालचा आवाज आला तो भलतीकडूनच, पाण्याच्या यंत्रापाशी किटली मांडीवर घेऊन मघापासून पेंगत असलेल्या एका जाड्या माणसाकडून. तिचं गाणं चुकलं नाही. बावीस वर्षांची सवय, तोंड आपलं काम करत राहिलं. पण जिन्याची एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं तिला झालं. हा माणूस आपल्यातला नव्हता, हे तिला कळलं, आणि गेल्या अर्ध्या तासात आपण त्याला काय काय सांगितलं तेही एकदम आठवलं.

दुकान चार मजल्यांचं होतं आणि परतीचा विभाग तळघरात. वरच्या मजल्यांवर माणसं हौसेनं घेतात आणि खाली तोंड पाडून परत आणतात, म्हणून वर आरसे आणि गालिचे, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, नंबरची चिठ्ठी देणारं यंत्र आणि ‘परत करण्याचे कारण’ असा रकाना असलेला पिवळा अर्ज. मास्तरांना अशाच जागा आवडत. मास्तर म्हणजे त्यांच्या ऑपेरा मंडळीचे दिग्दर्शक, आणि मंडळी म्हणजे एके काळी मोठ्या रंगमंदिराच्या कोरसमध्ये गाणारी आणि ते बंद पडल्यावर रस्त्यावर आलेली तेवीस माणसं. रस्त्यावर आली म्हणजे अगदी शब्दशः आली. पोस्टात, बस डेपोत, बाजारात, जिथं माणूस कंटाळून उभा असतो तिथं ही माणसं गिऱ्हाईक होऊन मिसळून जायची, आणि ठरल्या क्षणी कुणीतरी सूर लावायचा. मग बघता बघता निम्मी रांग गायला लागायची. “तिकीट काढून येणारा आधीच मान डोलवायच्या तयारीनं येतो,” मास्तर म्हणायचे, “त्याला ऐकवण्यात कसली मर्दुमकी? ज्याला गाणं नकोय त्याला ऐकवा.” लोक मोबाइल काढायचे, एखादी बाई रडायची, पोरं आयांच्या मागे लपायची, आणि पाच-सहा मिनिटांत सगळं आटोपून पुन्हा रांग लागायची.

गाण्याचं कुणाला काही वाटत नसे, अवघड होतं ते आधीचं बसणं. चाळीस मिनिटं आधी जाऊन, फोन बंद करून, साधं बसायचं. साधं म्हणजे ज्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असं. चांगल्या चांगल्या गवयांची इथं भंबेरी उडायची. उंच आवाजाच्या पोरी खिडकीच्या काचेत केस नीट करायच्या, पुरुष उगाच खाकरायचे. ती मात्र बसली की बसली. खुर्चीला पाठ असते तशी ती तिथं असायची. मंडळीत तिला सगळे खुंटी म्हणत, कारण तिचा आवाज मधला, ठाम, कधी पुढे न येणारा, आणि बाकीचे आपापले सूर त्याच्यावर अडकवून मोकळे होत. मास्तर नवख्यांना सांगायचे, “खुंटीकडे बघा. ती बसलीय की नाही हेसुद्धा कळत नाही.” पहिली काही वर्षं तिला हे कौतुक वाटलं. मग एकदा घरी जाताना तिच्या लक्षात आलं की हे करायला आपल्याला वेगळं काही करावं लागत नाही. आपण बसमध्येही अशाच बसतो, घरातही. बसणं संपलं असं कळवणारा सूर मात्र घरी कुणी लावत नाही.

गेल्या वर्षीपासून मास्तरांनी नवीनच खूळ काढलं होतं. बाजारातल्या एका कार्यक्रमात सगळे एकमेकांकडे चोरून बघत राहिले आणि एका शाळकरी पोरीनं बोट दाखवून आईला सांगितलं की हे सगळे मिळालेले आहेत. तेव्हापासून नव्या माणसांची जुन्यांशी ओळखच करून द्यायची नाही असं ठरलं. तालमी वेगवेगळ्या, भेट एकदम जागेवर. “आपल्यातला कोण हे गाताना कळेल,” मास्तर म्हणाले, “तोपर्यंत कुणी बोलायला आलं तर बोला. आपला असला तर तालीम, परका असला तर गिऱ्हाईक. तुम्हाला काय फरक पडतो?” खरंच काही पडत नव्हता. उलट तिला ते आवडायला लागलं होतं. शेजारी येऊन बसलेला माणूस ‘फार वेळ लागतो नाही इथं’ असं म्हणाला की ती आपलं नसलेलं घर, नसलेली सून, नसलेली बिघडलेली वस्तू काढून बोलत बसायची. आज तिच्याकडे एक इस्त्री होती, ठणठणीत चालणारी, आणि अर्जावर तिनं लिहिलं होतं, ‘तापत नाही.’ मास्तरांनी एवढंच सांगून ठेवलं होतं की खालच्या आवाजात एक नवा घेतलाय, वयस्कर आहे, हातात परत करायची वस्तू असेल. परतीच्या विभागात वस्तू कुणाच्या हातात नसते हा प्रश्न ना मास्तरांना पडला, ना तिला.

म्हातारा आला तेव्हा भिंतीवरच्या पाटीवर एकोणसत्तर नंबर चालू होता. त्यानं आधी तीन नंबरच्या काउंटरवर जाऊन काहीतरी विचारलं. तिथं त्या तासापुरता दुकानाच्या परवानगीनं मंडळीतला एक जण कारकून होऊन बसला होता. “बसा काका, येईल तुमचा नंबर,” तो म्हणाला, आणि म्हातारा आज्ञाधारकपणे तिच्या शेजारी येऊन बसला. पाठ ताठ, श्वास पोटातून, आवाज रुंद आणि खालचा. तिनं मनातल्या मनात मास्तरांना मानलं. कुठून शोधला हा? त्याच्या शर्टाचं वरचं बटण दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं, आणि हे त्यानं स्वतःच लावलेलं आहे हे दिसत होतं. मंडळीच्या वेशाच्या कपाटाची चावी जिच्याकडे असते त्या बाईला हे सुचणं शक्य नव्हतं.

“ताई, तुम्हाला घाई असेल तर माझा नंबर घ्या,” तो म्हणाला. “मी सकाळीच चिठ्ठी घेऊन ठेवलीय, मी आधी आहे तुमच्या.”

“तुम्हाला नाही का घाई?”

“मी तीन वेळा येऊन गेलोय. नंबर आला की उठवत नाही.” त्यानं खोकं थोडं उघडून दाखवलं. आत बायकी सँडल होते, करड्या रंगाचे, पट्ट्यावर छोटी बक्कलं, तळवे कोरे. “हिच्यासाठी घेतले होते. भाचीच्या लग्नाला. ही म्हणाली, चावतात. मी म्हटलं, वापरलेस की सैल होतील. ती म्हणाली, माझे पाय आहेत, मला कळतं. मी म्हटलं, चाळीस वर्षं मी बघतोय तुझे पाय. असं सकाळभर चाललं. हसू नका.”

“हसत नाही.”

“दुपारी मी दाढीला गेलो, आणि आलो तर ती खुर्चीत होती.” त्यानं झाकण लावलं. “अर्जावर कारण लिहायचंय. माप लहान, एवढंच. दोन शब्द. मी घरी मोजून बघितले, तिच्या जुन्या चपलेला लावून. खरंच लहान आहेत, एका बोटाचा फरक आहे. तिचं बरोबर होतं, हे कुठंतरी लिहून द्यावं म्हणतो. पण पेन टेकलं की पुढं होत नाही.”

ती आतून थक्क झाली. तिनं अनेक खोटी दुःखं ऐकली होती, स्वतः रचली होती, आणि त्यांची एक खोड तिला पाठ होती. ती नेहमी जरा मोठी असतात, त्यात आजार असतात, मुलं परदेशी असतात. एका बोटाच्या फरकाचं दुःख कुणी रचू शकेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. हा माणूस मोठा नट आहे, असं तिला वाटलं. आणि समोरचा इतकं देतोय म्हटल्यावर आपणही तोलामोलाचं काही द्यायला हवं, ही मंडळीतली जुनी रीत. नसलेली सून काढायची तिला लाज वाटली. तिनं हातातल्या इस्त्रीची वायर सोडवली, पुन्हा गुंडाळली, आणि जे कधी कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगायला सुरुवात केली. खेळ आहे म्हणूनच ते तोंडातून बाहेर आलं. खरं म्हणून सांगायचं असतं तर तिला ते सांगता आलं नसतं.

आक्का तिच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, आणि आक्कानं लग्न केलं नाही, कुणी विचारलंच नाही असं ती हसून सांगायची, पण एक माणूस दोन वर्षं रविवारी येऊन बसायचा हे धाकटीला आठवत होतं. आक्का शिवणाच्या कारखान्यात कॉलर लावायची, दिवसाला शंभर कॉलर. संध्याकाळी बोटांना तेल लावता लावता धाकटीकडून गाणं म्हणून घ्यायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण चूक बरोबर धरायची. “तिथं तू घाबरलीस,” असं म्हणायची, आणि ते तिथंच असायचं. रंगमंदिरात पहिला पगार झाला तेव्हा आक्का मागच्या रांगेत बसून बघायला आली आणि घरी येऊन म्हणाली, “एवढ्या माणसांत तू मला दिसलीच नाहीस, पण ऐकू आलीस.” कोरसमधल्या माणसाला कुणी असं ऐकू येत नाही, हे तिला माहीत होतं. तरी ती दिवसभर गुणगुणत होती. मग वर्षं गेली, आक्काचं पोट दुखायला लागलं, आणि दवाखान्यातल्या तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले की अजून थोडे दिवस आहेत, तुम्ही कामावर जाऊन या. ती गेली. बस डेपोच्या प्रतीक्षागृहात कार्यक्रम होता. तिथं ती फोन बंद करून पन्नास मिनिटं बसली, न येणाऱ्या बसची वाट बघत. त्या दिवशी ती इतकी साधी बसली होती की एका बाईनं तिला आपलं सामान सांभाळायला दिलं. फोन चालू केला तेव्हा दवाखान्याचे सात कॉल होते.

“नर्स म्हणाली, त्यांनी दोनदा विचारलं, आली का म्हणून,” ती त्याला म्हणाली. “मी सगळ्यांना सांगितलंय की मी तिथं होते. हात धरून. नातेवाइकांना, मंडळीला, घरमालकिणीला. आता तर मला ते दिसतंसुद्धा, मी हात धरलाय असं. आक्काच्या बोटांचं तेलसुद्धा लागतं हाताला. पण मी नव्हते.”

बाजूच्या खुर्चीवर ठेवलेलं खोकं म्हाताऱ्यानं उचलून मांडीवर घेतलं. पाटीवरचा नंबर दोनदा बदलला. मग तो म्हणाला, “दोनदा विचारलं म्हणजे ताई, दुसऱ्यांदा विचारेपर्यंत तुम्ही येणार असंच त्यांना वाटत होतं की. आशा सुटली असती तर दुसऱ्यांदा नसतं विचारलं.”

हे वाक्य याला कुणी लिहून दिलं, असं तिच्या मनात आलं, आणि ते पुरतं येण्याआधीच तिचे डोळे भरून आले. तीन वर्षं त्या दोन वेळा तिच्या अंगावर येत होत्या. नाही आली, नाही आली, अशा. त्या दोन वेळा कुणीतरी उलटून दुसऱ्या बाजूनं दाखवील असं तिला वाटलं नव्हतं. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर तिथं आक्का होती, वाट बघणारी, आणि वाट बघणं हे काही सगळ्यात वाईट नव्हे. नट असला म्हणून काय झालं, असं तिला वाटलं. कार्यक्रम झाला की याला चहा पाजायचा, आणि सांगायचं की माझं खरं होतं हो. तो चकित होईल. कदाचित म्हणेल, माझंही. तिनं डोळे पुसले, आणि तेवढ्यात तीन नंबरच्या काउंटरवरून पहिला सूर आला.

गाणं एका बंदरावर जहाजाची वाट बघणाऱ्या माणसांचं होतं. भाषा परकी, त्यामुळे ते बंदराचं आहे की लग्नाचं हे ऐकणाऱ्याला कळायचं कारण नव्हतं. तळघराचं छत बुटकं असल्यानं आवाज डोक्यावर न जाता अंगावर आला. अर्ज भरणाऱ्या माणसांनी पेनं वर धरली. फोन निघाले. ती गात होती आणि म्हाताऱ्याकडे बघत होती, कारण नजर दुसरीकडे जाईना. आधी त्याच्या चेहऱ्यावर नुसती भीती होती, ही बाई भ्रमली की काय अशी, आणि त्यानं तिला सावरायला हात थोडा पुढेही केला. मग त्यानं काउंटरकडे बघितलं. मघा ‘बसा काका’ म्हणणारा कारकून छातीवर हात ठेवून गात होता. मग खांबाकडे, मग किटलीवाल्याकडे. एकेकावरून फिरत नजर पुन्हा तिच्यावर आली तेव्हा त्या नजरेत काहीतरी हिशोब पुरा झालेला होता. पुढे केलेला हात त्यानं मागे घेतला. तिला थांबून ओरडावंसं वाटलं की ते खरं होतं, पण तिच्यावर सात-आठ जणांचे सूर अडकलेले होते, आणि खुंटीला मधेच भिंतीतून निघून जाता येत नाही. गाणं संपलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंही वाजवल्या. खोकं काखेत धरून, जरा अवघडून, पाहुण्यांच्या घरी वाजवाव्यात तशा.

मास्तर जिन्यावरून धावत खाली आले आणि तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “खुंटे, आज डोळ्यांत पाणी! कॅमेऱ्यात आलंय. असं दर वेळी का नाही करत?” तिनं त्यांना बाजूला सारलं. म्हाताऱ्याची खुर्ची रिकामी होती, आणि पिवळा अर्ज कोराच तिथं पडला होता. ती इस्त्री हातात घेऊन तशीच जिना चढली. अत्तरांच्या काउंटरवरून, आरशांमधून स्वतःला चुकवत, बाहेर आली. दुपारचं ऊन रस्त्यावर सरळ पडलं होतं. तो बस थांब्यावर उभा होता, चार-पाच माणसांच्या टोकाला, खोकं काखेतच.

“काका,” ती म्हणाली. तिला धाप लागली होती. “तुमचा नंबर राहिला.”

“राहू द्या मॅडम.” मघाचं ताई गेलं होतं. “मला वाटलं, काउंटरवरचेही सगळे तुमचेच. मग अर्ज घेणार कोण?”

“नाही हो, तो एकटाच. बाकीचे खरे आहेत. चला, मी येते तुमच्याबरोबर. अर्ज मी लिहून देते हवं तर.”

“छान गाता तुम्ही,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं, रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. “मला गाण्यातलं कळत नाही, पण छान. आणि ते बोलणंही. माझ्या तर अंगावर काटा आला.”

“ते बोलणं खरं होतं. आक्काचं. मी कुणालाच सांगितलेलं नाही आजवर. तुम्हालाच पहिल्यांदा.”

“हो, तसंच वाटलं,” तो समजूतदारपणे म्हणाला. “अगदी तसंच वाटलं.” मग त्यानं आवाज खाली आणला. “एक विचारू? मी जे बोललो, सँडलचं, ते कुठं दाखवणार तुम्ही? मी उगाच बोललो. आमचं घरातलं भांडण आहे ते, ती गेल्यावर चारचौघांत कशाला. गाळता आलं तर बघा.”

“ते कुणी घेतलेलं नाही काका. फक्त मी ऐकलं. तुमच्या शेजारी बसून, मी.”

“हो, तेच म्हणतो.”

खरं आहे हे सांगायला तिच्याकडे तोच एक आवाज होता, आणि तो त्यानं मघाशीच ऐकला होता. तिनं आक्काचा वॉर्ड सांगितला, खाटेचा नंबर सांगितला, नर्सच्या कपाळावरचा तीळ सांगितला. जितकं बारीक सांगावं तितकी त्याची मान कौतुकानं हलत होती, आणि आपण मघाशी याच्या एका बोटाच्या फरकावर अशीच मान हलवली होती, हे तिच्या लक्षात आलं. ती त्याच्या शेजारी उभी राहिली. इतकं एकटं तिला दवाखान्यातून रिकामी पिशवी घेऊन घरी जातानाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान एक गोष्ट सांगायची शिल्लक होती.

तो आता थांब्यावरच्या माणसांकडे बघत होता. पेपर वाचणारा चष्मेवाला, पिशवीतलं काहीतरी शोधणारी बाई, भिंतीला टेकून डोळे मिटलेला रंगारी. एकेकावर त्याची नजर थोडा वेळ थांबत होती. मग तो तिच्याकडे झुकला.

“यांतले तुमचे किती?”

“कुणीच नाही,” ती म्हणाली. “मी एकटीच आहे.”

तो समजल्यासारखा हसला. “बरं, बरं. मी कुणाला सांगत नाही,” असं म्हणून त्यानं खोकं पायाशी ठेवलं, दोन्ही हात मोकळे केले, आणि ती कधी सुरू करते याची वाट बघत उभा राहिला.